७५ रुपये पगार आणि २० वर्षांची शपथ: एका छोट्या कॉलेजची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

सुरुवात आपल्या कर्जत स्टेशनवरून करू. पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते. आपण खिडकीतून बटाटेवडा घेत असतो आणि तेवढ्यात मागून एक हलका धक्का बसतो. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ती जोडली गेली हे त्या धक्क्यावरून कळतं. पलीकडच्या फलाटावर खोपोलीची लोकल उभी असते. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशनं घेत ती जाते. सकाळच्या गाडीत बघा, निम्मे चेहरे कॉलेजचे असतात. मांडीवर सॅक, हातात मोबाईल, कानात बहुतेक आपलाच पॉडकास्ट. (असू द्या की, म्हणायला काय जातंय!)

या मुलामुलींपैकी कितीतरी जण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. त्यामुळे आजचा प्रश्न साधा आहे. कॉलेज चांगलं होतं ते कशामुळे? इमारतीमुळे? फीमुळे? की शिकवणाऱ्यांमुळे? आणि शिकवणाऱ्यांमुळे असेल, तर ते शिकवणारे टिकतात कशामुळे?

हल्ली 'लिबरल आर्ट्स' हा शब्द जाहिरातींत खूप दिसतो. छोटे वर्ग, कडक अभ्यास, भाषा, गणित, तर्कशास्त्र, इतिहास हे सगळं एकाच विद्यार्थ्याने शिकायचं. जणू काही नवीनच आहे. पण घाट चढून गेलं की पुण्यात असं एक कॉलेज १८८५ सालीच सुरू झालं होतं. तेही पैसे नसताना. आजची गोष्ट त्याची.

घाट आधी, कॉलेज नंतर

थोडं मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. १८६२ मध्ये त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. किती? फक्त चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एवढ्या मोठ्या मुंबई इलाख्यात चार!

त्याच काळात आपल्या भागात काय चाललं होतं? १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये घाटावर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच. म्हणजे मुंबईहून पुण्याला जायचं तर खोपोलीला उतरायचं, पालखीने, घोड्यावर किंवा पायी घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. चढ इतका तीव्र की ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर.

या रुळांच्या खालच्या टोकाला मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज होतं, वरच्या टोकाला पुण्यात डेक्कन कॉलेज. दोन्ही सरकारी. तिथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणापुढे वाट स्पष्ट होती. सरकारी नोकरी करायची किंवा वकिली करायची. घरचे तेवढ्यासाठीच तर पोटाला चिमटा काढत होते.

नोकरी नको म्हणणारी पोरं

डेक्कन कॉलेजात दोन मित्र रात्र रात्र बोलत बसायचे. एक बाळ गंगाधर टिळक, दुसरा गोपाळ गणेश आगरकर. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, घरची अत्यंत गरिबी. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. अशा मुलाने एम.ए. होताना आईला पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा की, आई, मुलगा मोठ्या पगारावर जाईल असं मनात धरू नकोस. मी पोटापुरत्या पैशावर राहणार आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामात घालवणार.

इथे जरा थांबा आणि त्या आईच्या बाजूने विचार करा. आपल्यापैकी कुणी घरी असं सांगितलं तर काय होईल? आम्ही हा प्रश्न रेकॉर्डिंगच्या वेळी एकमेकांना विचारला. उत्तरं इथे छापण्यासारखी नाहीत.

तिकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून आले होते. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. चिपळूणकर, टिळक, नामजोशी, मग वामन शिवराम आपटे आणि आगरकर, असे एकेक जण आले. पुढच्याच वर्षी यांनीच 'केसरी' आणि 'मराठा' काढले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात जाऊन आले. त्याच वर्षी चिपळूणकर गेले. तरी शाळा बंद पडली नाही, उलट वाढली.

२४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. आज फर्ग्युसन म्हटलं की डोळ्यासमोर तो रस्ता, ती दगडी इमारत आणि मागची टेकडी येते. सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं. शहरातल्या वाड्यात वर्ग भरायचे.

करार काय होता?

आता मुख्य मुद्दा. या सोसायटीत जे पूर्णवेळ येत त्यांना 'आजीव सभासद' म्हणत. त्यांचा करार असा: २० वर्षं इथेच शिकवायचं. पगार सुरुवातीला अगदी थोडा, पुढे दरमहा ७५ रुपयांवर स्थिरावलेला. सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाला याच्या कितीतरी पट मिळायचे. म्हणजे हुशार माणसाने डोळे उघडे ठेवून नुकसानीचा सौदा करायचा.

पण करार इथे संपत नाही आणि पुढचा भाग लोक सांगायला विसरतात. हे आजीव सभासद नोकर नव्हते. संस्था तेच चालवायचे. कुणाला घ्यायचं, कोण काय शिकवणार, पैसा कुठे खर्च करायचा, हे ते एकत्र बसून, मतं घेऊन ठरवायचे. सुट्टी लागली की देणग्या मागायला गावोगाव फिरायचे. पगार तुटपुंजा होता, पण त्या पगारावर काम करणाऱ्याच्या हातात संस्थेच्या किल्ल्या होत्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

या सौद्यात आलेलं सगळ्यात तरुण नाव म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी बी.ए. वडील लवकर गेलेले. थोरले भाऊ गोविंदराव महिना १५ रुपयांवर नोकरी करत आणि त्यातले ८ रुपये गोपाळला शिक्षणासाठी पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत ते घर चालवायचे. आता त्या घराला वाटणार नाही का, की भाऊ पदवीधर झाला, आता दिवस पालटतील? आणि हा भाऊ पुण्यात येऊन मास्तर झाला. थोरल्या भावाने परवानगी दिली. इतिहासाच्या पुस्तकात गोखले एक पान खातात, गोविंदराव एक ओळ. पण त्या कॉलेजच्या पायात गोविंदरावांचे ते आठ रुपयेही आहेत.

वर्गात कोण काय शिकवायचं

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. संस्कृतचे पंडित. कॉलेज चालवता चालवता त्यांनी संस्कृत-इंग्रजी कोश तयार केला, १८९० साली तो छापून आला. आजही संस्कृत शिकणारी मुलं तो वापरतात, आता तर मोबाईलवर. १८९२ मध्ये आपटे गेले, वय जेमतेम चौतीस.

टिळक गणित शिकवायचे. फळ्यावर एकेक पायरी लिहून द्यायची त्यांची पद्धत नव्हती, बरंचसं तोंडी सोडवायचे, अशा आठवणी आहेत. हुशार पोरांना मजा यायची, बाकीच्यांची दमछाक. (असे सर प्रत्येक कॉलेजात एक असतातच.) आगरकर तर्कशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवायचे. आपटे गेल्यावर प्राचार्य झाले. गोखले सुरुवातीला इंग्रजी शिकवायचे, वेळ आली तेव्हा गणित, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. पाठ्यपुस्तक अक्षरशः तोंडपाठ करून वर्गात जायचे.

एक गोष्ट बघा. वर्गात तर्क शिकवणारे आगरकर १८८८ पासून 'सुधारक' काढत होते. बालविवाह, केशवपन, विधवांचे हाल, सगळ्यावर लिहायचे. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आणि हेच सर वर्गात शिकवत होते. मुलांना तर्कशास्त्राचा याहून चांगला धडा कुठे मिळाला असता? दम्याने बेजार असलेले आगरकर १८९५ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेले. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत कॉलेजचे दोन प्राचार्य गेले, दोघेही चाळिशीच्या आत.

भांडण

आता तुम्ही म्हणाल, सगळे एवढे त्यागी, मग सगळं छानच चाललं असेल. नाही ना! भांडले, आणि जोरात भांडले.

वाद वरवर पैशाचा होता. पगार वाढवायचा का? एखाद्या संस्थानिकाने दिलेली देणगी व्यक्तीची की संस्थेची? बाहेर काम करून पैसे मिळवायचे का? टिळकांचं म्हणणं कडक होतं. ते जेझुइट पाद्र्यांचं उदाहरण द्यायचे. एकदा शपथ घेतली की पूर्ण वेळ संस्थेचा, आणि बाहेर काही मिळालं तर तेही संस्थेचं. समोरच्यांचं म्हणणं असं की, अहो, आम्ही संन्यासी नाही. घरात बायकामुलं आहेत, आजारपणं आहेत. दिलेलं काम चोख केल्यावर उरलेल्या वेळात काही केलं तर बिघडलं कुठे?

त्यातच सामाजिक सुधारणांवरून टिळक आणि आगरकर यांच्यात दरी पडलेलीच होती. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. कॉलेजचा माणूस बाहेरचं एवढं काम कसं घेतो, असा टिळकांचा सवाल. डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी भलंमोठं पत्र लिहून राजीनामा दिला. ज्या संस्थेसाठी वकिली सोडली, तीच सोडली.

यात बरोबर कोण? मला विचाराल तर दोघांचंही पटतं. टिळकांच्या नियमाशिवाय कॉलेज म्हणजे साइड बिझनेस झालं असतं. पण तो नियम शब्दशः पाळायचा तर गरीब घरातला, माणसं पोसायची असलेला मास्तर तिथे टिकलाच नसता. त्यागाचं गणित श्रीमंताला आणि गरिबाला सारखं पडत नाही.

रिकामी खुर्ची

टिळक गेल्यावर गणित कोण शिकवणार? गोखल्यांना एल्फिन्स्टनमधला जुना सहाध्यायी आठवला, धोंडो केशव कर्वे. मुरूडचा हा मुलगा लहानपणी एका परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला होता आणि तिथे 'वयाने लहान दिसतोस' म्हणून त्याला परत पाठवलं होतं. आता तो मुंबईत शिकवण्या करत होता आणि त्याच वर्षी त्याची पत्नी वारली होती. १८९१ च्या अखेरीस कर्वे फर्ग्युसनला आले. मुंबई-पुणे रेल्वे तेव्हाही कर्जतवरूनच जायची, घाट तोच.

पुढे १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी, गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो १९०० मध्ये हिंगण्याला गेला. मग दिनक्रम असा: हिंगण्याहून पायी कॉलेज, गणिताचे तास, संध्याकाळी पायी परत, जाताना आश्रमासाठी सामान. शहराबाहेरची वाट, पावसाळ्यात चिखल. १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत कॉलेज आणि आश्रम दोन्ही सांभाळलं. आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, म्हणजे आजचं एसएनडीटी.

आता टिळकांचा नियम आठवा. 'बाहेरचं काम नको.' तो नियम कडकपणे लावला असता तर हिंगणे झालं असतं का?

कर्व्यांच्याच नात्यातला, त्यांनीच शिकायला आणलेला मुलगा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. फर्ग्युसनमधून केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. याला सरकारी नोकरीत काय हवं ते मिळालं असतं. पण शब्द दिला होता. परत आले, ७५ रुपयांवर रुजू झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. त्याच वर्षी गोखले आपली वर्षं पूर्ण करून बाहेर पडले.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत ऐकून भारावून गेला असाल तर जरा थांबा. या वर्गात बसलं कोण होतं?

१८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. न्यू इंग्लिश स्कूलवाल्यांचं काम बघून हंटरसाहेब खूश झाले. पण त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा थेट होता. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामावर भरते आणि खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की ज्ञान झिरपत खाली येईल, असं सांगता, पण झिरपलं कुठे? आधी खेड्यापाड्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

म्हणजे घाटावर शंभर नंबरी कॉलेज उभं राहत होतं, तेव्हा घाटाखालच्या ठाकरवाडीतल्या, कातकरीवाडीतल्या पोराला साधी शाळाही नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी लपवायची नाही.

आणखी एक अडचण पैशाचीच. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढे असलेला फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर. प्राचार्य परांजप्यांनी त्याला १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. 'केसरी'ने प्राचार्यांवर सडकून टीका केली. शिस्त म्हणून दंड समजू शकतो. पण कॉलेजला सरकारी अनुदान होतं, हेही विसरता येत नाही. स्वतःच्या हातात किल्ल्या असलेल्या संस्थेलाही एका दारावर सरकारी कुलूप होतंच.

घाटाखाली

मग फुल्यांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं? एक मोठं उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांचं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला. 'कमवा आणि शिका.' १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. गंमत म्हणजे रयतमध्येही आयुष्य वाहून घेतलेल्या शिक्षकांची पद्धत होती. म्हणजे कल्पना जुनीच, पण वर्गात बसणारं पोर बदललं.

आणि आपल्या कर्जत तालुक्यात? माथेरानचे भाई कोतवाल. नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मले, वकिलीपर्यंत शिकले आणि शिकून परत इथेच आले. गावोगाव स्वेच्छेने चालणाऱ्या शाळा काढल्या, शेतकऱ्यांना सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्याच्या पेढ्या चालवल्या, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने गेले. आपण त्यांना हुतात्मा म्हणून ओळखतो, ते बरोबरच. पण ते शाळा काढणारेही होते, हे कमी जणांना ठाऊक असतं.

ताईचा प्रश्न

हा एपिसोड करायचं ठरलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टी लागली की पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही माहीत नाही. नेट पास आहे. घरून निघते पहाटे, परतते दिवेलागणीला. तरी मुलांच्या वह्या घरी आणून तपासते.

एकदा कुठल्याशा कार्यक्रमात पाहुण्यांनी भाषण ठोकलं की, आगरकर-गोखल्यांनी किती कमी पगारावर शिकवलं, आजच्या शिक्षकांनी तो आदर्श ठेवावा. ती घरी आली ती तापलेलीच. मी म्हटलं, "ताई, पण त्याग तर होताच ना त्यांचा?"

ती म्हणाली, "होता की. पण त्यांना वीस वर्षं काढून टाकणार नाही हे माहीत होतं. कॉलेज कसं चालवायचं ते त्यांनीच ठरवलं. मला उद्याचा तास आहे की नाही, तेही फोन आल्यावर कळतं. माझ्या कमी पगाराला त्याग नको म्हणूस रे. त्याग माणूस स्वतः करतो."

मंडळी, फर्ग्युसनची गोष्ट मी आधी दहा वेळा वाचली होती. त्यातला ७५ हा आकडा दर वेळी डोळ्यात भरायचा. २० हा आकडा ताईमुळे दिसला. त्या छोट्या कॉलेजचा कडक अभ्यास उभा होता तो नुसत्या कमी पगारावर नव्हे. शिकवणारा माणूस उद्याही इथेच असेल आणि संस्थेत त्याचा शब्द चालेल, या दोन गोष्टींवर तो उभा होता. भांडणंसुद्धा एवढी झाली ती त्यामुळेच. ज्याचं काही चालत नाही, तो भांडत नाही, मुकाट्याने दुसरी नोकरी बघतो.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही कॉलेजची चकचकीत जाहिरात दिसली, की इमारत बघाच, पण एक प्रश्न विचारा: इथे शिकवणारे किती वर्षांपासून शिकवतायत, आणि पुढच्या वर्षी असतील का? तुमच्या धाकट्या भावंडाची ॲडमिशन असेल तर नक्की विचारा.

आणि तुम्हाला घडवणारे एखादे सर, एखाद्या मॅडम असतील ना, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. नाव नाही सांगितलंत तरी चालेल. त्यांनी काय शिकवलं तेवढं सांगा. आणि त्यांनाही एक फोन करा, कर्जत ते खोपोली प्रवासात तेवढा वेळ मिळतो.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!